‘थोडं थोडं टेका’ म्हणजे नेमकं किती? मोडलेल्या पायावरचा भार मोजणारा सुखतळा

दवाखान्यातून घरी सोडताना कार्डावर एक ओळ लिहिलेली असते : ‘पार्शल वेट बेअरिंग, वॉकरच्या आधारानं.’ डॉक्टर तोंडी सांगतात, पाय टेकवा पण पूर्ण भार देऊ नका. घरी पोहोचेपर्यंत त्याचं ‘थोडं थोडं टेका’ होतं. मग भेटायला येणारे पाहुणे त्यात आपापली भर घालतात. मामू म्हणतात, तीन महिने पाय जमिनीला लावायचाच नाही. शेजारचे भाई सांगतात, आमच्या पोरानं तर पंधराव्या दिवशी गाडी चालवली. या सगळ्यात ‘थोडं’ म्हणजे पाच किलो की पंचवीस किलो, हे ना पेशंटला ठाऊक असतं ना घरच्यांना.

जयसिंगपूर आणि शिरोळ तालुक्याला हा प्रश्न नवा नाही. कोल्हापूर-सांगली रस्त्यावर दिवसरात्र वर्दळ असते. उसाचा हंगाम सुरू झाला की त्यात ट्रॅक्टरची भर पडते. मागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यांना रिफ्लेक्टर नसला तर अंधारात दुचाकीवाल्याला त्या दिसतच नाहीत. नडगी, मांडी, घोटा, कुठलं तरी हाड जातं. मग मिरज, सांगली किंवा कोल्हापूर. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून आपल्या भागाला मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. ऑपरेशन आता पूर्वीसारखं अवघड राहिलेलं नाही, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. पण रॉड किंवा प्लेट टाकायला तास-दोन तास लागतात, हाड जुळायला महिने लागतात. ते महिने घरात जातात आणि घरात भार मोजायला काहीच नसतं.

हीच अडचण ओळखून गेल्या काही वर्षांत बुटात घालायचे सेन्सरवाले सुखतळे तयार झाले आहेत. पायावर किती भार पडतो ते पावलागणिक मोजून मोबाईलवर दाखवणारे. ते काय करतात, कुठं उपयोगी पडतात आणि आपल्या घरांत कुठं कमी पडतात, हे आम्ही इथं सांगणार आहोत. पण त्याआधी भार मोजायचाच कशाला, हे समजून घ्यायला हवं.

हाडाला भार लागतो

हाड म्हणजे वाळलेलं लाकूड नव्हे. ते जिवंत असतं, रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं बांधलं जातं. जिथं भार पडतो तिथं ते जाड होतं, जिथं पडत नाही तिथं विरळ होतं. जर्मन शल्यचिकित्सक युलिउस वोल्फ यांनी ही गोष्ट १८९२ मध्ये ग्रंथरूपात मांडली. अंतराळवीरांचं उदाहरण घ्या. वजनच नसलेल्या जागी राहिल्यानं त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला साधारण एक ते दीड टक्क्यानं घटते. खाटेवर पडून असलेल्या माणसाच्या हाडाचीही झीज होते, फक्त ती आपल्याला दिसत नाही.

हाड मोडलं की आधी तिथं रक्त साकळतं. दोन-तीन आठवड्यांत मऊ जाळं तयार होतं आणि पुढं त्यात कॅल्शियम भरत जातं. एक्स-रेमध्ये मोडीभोवती ढगासारखं दिसतं ते हेच. डॉक्टर त्याला कॅलस म्हणतात. नडगीचं हाड जुळायला तीन-चार महिने सहज लागतात, कधी त्याहून जास्त. (विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना अजून उशीर लागतो. तंबाखूच्या बाजारपेठेतल्या लोकांना हे सांगायला जरा संकोच वाटतो, पण खरं आहे.)

हे जाळं घट्ट होण्यासाठी मोडीवर थोडी हालचाल, थोडा दाब लागतो. इंग्लंडमधल्या गुडशिप आणि केनराइट या संशोधकांनी १९८५ मध्ये मेंढ्यांच्या नडगीवर प्रयोग करून दाखवलं की दिवसातून काही मिनिटं मोडीला अगदी बारीक, मिलिमीटरभराच्या आसपासची हालचाल दिली, तर एकदम जखडून ठेवलेल्या हाडापेक्षा ते लवकर जुळतं. त्याच्या आधी १९६७ मध्ये अमेरिकेत ऑगस्टो सारमिएंतो यांनी गुडघा मोकळा ठेवणारं आखूड प्लास्टर घालून नडगी मोडलेल्यांना चालवल्याचे अनुभव प्रसिद्ध केले होते. सायबेरियातल्या कुर्गान गावी इलिझारोव्ह यांनी पायाभोवती लोखंडी कड्या बसवून पेशंटना उभं केलं. म्हणजे ‘मोडलं की पडून राहा’ हा सल्ला वैद्यकशास्त्रानं कधीच मागं टाकला आहे. आपल्या घरांत तो अजून टिकून आहे.

उलट बाजूही तितकीच खरी. हालचाल जास्त झाली तर मोडीत नुकत्या फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात आणि फट भरण्याऐवजी तशीच राहते. आतली प्लेट किंवा रॉड जन्मभर भार सोसायला बसवलेली नसते. हाड जुळेपर्यंत तिनं सांभाळायचं असतं. तार पुन्हा पुन्हा वाकवली की जशी तुटते, तशी हाड न धरलेल्या पायात प्लेटही तुटते. मग दुसरं ऑपरेशन, कधी कमरेचं हाड काढून भरणं, आणि कमावत्या माणसाचं अजून सहा महिने घरी बसणं. इचलकरंजीत मागावर बारा तास उभं राहणाऱ्याला ते कसं परवडणार?

तेव्हा भार कमी पडला तरी नुकसान, जास्त पडला तरी नुकसान. शिवाय प्रत्येक मोडीचा हिशेब वेगळा. मांडीच्या किंवा नडगीच्या सरळ भागात रॉड टाकला असेल तर पुष्कळदा लगेचच, सोसेल तितका भार द्यायला सांगतात. गुडघ्याच्या खालचा सांध्याचा पृष्ठभाग फुटला असेल तर कित्येक आठवडे अजिबात नाही. घोट्याबद्दलचं मत तर आमच्या डोळ्यांदेखत बदललं. ब्रिटनमधल्या ५६१ रुग्णांवरचा वॅक्स नावाचा अभ्यास २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात घोट्याच्या ऑपरेशननंतर दोन आठवड्यांनी भार द्यायला लागलेले रुग्ण सहा आठवडे थांबलेल्यांच्या मागं पडले नाहीत. म्हणून शेजारच्या पोराचा पंधरावा दिवस आणि आपल्या अब्बांचा पंधरावा दिवस एक नसतो.

खुबा मोडलेल्या दादी-नानींबद्दल मात्र आम्ही जरा जोर देऊनच सांगतो. ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी त्यांना उभं करायचं, असं ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्था २०११ पासून सांगते आहे, आणि आज जगभर हीच दिशा आहे. घरात मात्र प्रेमापोटी त्यांना झोपवून ठेवलं जातं. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पोटरीत रक्ताची गुठळी होते. खुबा जुळत असतो आणि माणूस हातातून निसटतो.

वजनकाट्याची जुनी युक्ती आणि तिची मर्यादा

आजवर फिजिओथेरपिस्ट एक सोपी गोष्ट शिकवत आले आहेत. घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवायचा. शेजारी त्याच्याच उंचीची लाकडी फळी, म्हणजे दोन्ही पाय एका पातळीत येतील. वॉकर धरून चांगला पाय फळीवर आणि दुखरा काट्यावर. मग हळूहळू भार देत काटा २० किलोवर आणायचा, तो दाब तळव्याला कसा जाणवतो हे लक्षात ठेवायचं आणि तसंच चालायचा प्रयत्न करायचा.

युक्ती चांगली आहे, पण काट्यावर आपण थांबलेले असतो आणि चालताना थांबलेले नसतो. साधं चालतानासुद्धा पाऊल टेकताना क्षणभर शरीराच्या वजनापेक्षा जास्त, साधारण सव्वापटीच्या आत-बाहेर भार पडतो. ६० किलोच्या माणसाला २० किलोची मर्यादा दिली असेल, तर दोन्ही पायांवर सारखं उभं राहिलं तरी एकेका पायावर ३० किलो येतात. म्हणजे स्वयंपाकघराच्या ओट्याशी शांत उभी असलेली बाई, एक पाऊलही न टाकता मर्यादेच्या दीडपट गेलेली असते! हे आम्ही पहिल्यांदा कागदावर मांडून पाहिलं तेव्हा पुन्हा एकदा तपासून घेतलं.

म्युनिकच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये हीच गोष्ट सेन्सर लावून पाहिली. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या वृद्धांना भाराची मर्यादा शिकवली आणि बुटातल्या सुखतळ्यानं प्रत्यक्ष भार मोजला. वृद्धांना ती मर्यादा पाळता आली नाही. यात हट्टाचा प्रश्न नव्हता. पाय अधांतरी धरून हातांवर शरीर पेलायचं तर दंडांत ताकद लागते, तोल लागतो. सत्तरीत ते कुठून आणायचं? त्यामुळंच वृद्धांना मर्यादाच घालू नये, ऑपरेशनच असं करावं की ते सोसेल तितकं चालू शकतील, हा विचार आता पुढं आला आहे. मोजमापाचा हा पहिला फायदा. पेशंटला दोष देण्याऐवजी सूचनाच बदलली गेली.

सुखतळ्यात काय असतं

दिसायला तो चांभाराकडं मिळणाऱ्या साध्या सुखतळ्यासारखाच. आत पातळ पापुद्र्यांसारखे दाब ओळखणारे सेन्सर असतात, टाचेखाली, चवड्याखाली, अंगठ्याखाली. एका प्रकारात विजेला अडवणारा थर असतो आणि दाब वाढला की त्याचा अडथळा कमी होतो. दुसऱ्या प्रकारात दोन पत्र्यांमध्ये मऊ थर असतो, तो दबला की पत्रे जवळ येतात आणि त्यांत साठणारा विद्युतभार बदलतो. सोबत छोटी बॅटरी आणि हालचाल टिपणारी चिप, मोबाईलमध्ये असते तसलीच. माहिती ब्लूटूथनं फोनवर जाते.

याचा उपयोग दोन तऱ्हांनी होतो. पहिली तऱ्हा इशाऱ्याची. डॉक्टरांनी ठरवलेली मर्यादा यंत्रात भरायची. पाऊल जास्त पडलं की आवाज येतो किंवा थरथर होते. माणूस पुढचं पाऊल सावरून टाकतो. सराव असेपर्यंत याचा चांगला परिणाम दिसतो. यंत्र काढल्यावर शिकलेलं किती टिकतं, हा वेगळा प्रश्न.

मधुमेह असणाऱ्यांना हा इशारा जास्त कामाचा. आयसीएमआरच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. जुना मधुमेह असला की तळव्याची संवेदना जाते. ‘दुखलं की थांबा’ हा नियम ज्याला दुखतच नाही त्याला कसा लागू पडणार? तिथं यंत्रानं सांगावं लागतं.

दुसरी तऱ्हा आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. इशारा द्यायचा नाही, नुसती नोंद ठेवायची. पेशंट आठवडेच्या आठवडे आपल्या मनानं चालतो. हाड जुळत आलं तसा तो नकळत त्या पायावर जास्त विसंबू लागतो. पावलं लांबतात, दोन पायांतला फरक कमी होतो, भाराचा आलेख चढत जातो. एखाद्याचा आलेख चढता चढता अडला किंवा खाली आला, तर आत काही तरी बिनसलं आहे अशी शंका घ्यायला जागा मिळते. हाड धरत नसेल, स्क्रू ढिला झाला असेल, जंतूसंसर्ग असेल. एक्स-रे महिन्या-दीड महिन्यातून एकदा निघतो आणि त्यात हाड दिसायलाही वेळ लागतो. चाल रोज दिसते. जर्मनीतल्या झारलँड विद्यापीठात बेर्गिता गान्झे यांचा गट याच वाटेवर काम करतो आहे. सुखतळ्याच्या नोंदींवरून हाड जुळण्याची गती ओळखायची, आणि पुढं जाऊन हाडात बसवायची प्लेटच अशी बनवायची की ती आतून खबर देईल.

आतून मोजण्याचं काम बर्लिनमध्ये पूर्वीच झालं आहे. गेऑर्ग बेर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम खुब्यातच सेन्सर बसवले होते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नोंदींत, पाय अडखळला त्या क्षणी खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सात-आठ पट दाब आलेला दिसतो. घरात पडलेली पायपुसणी, ओली फरशी आणि उंबरा यांना का घाबरायचं, ते यावरून कळेल. आणखी एक समजतं, की तळव्याखालचा आकडा म्हणजे हाडावरचा आकडा नव्हे. स्नायू ताणले तरी हाडावर दाब येतो. खाटेवर उताणं पडून कंबर उचलतानासुद्धा खुब्यावर चांगलाच भार येतो, आणि त्या वेळी बुटातला सुखतळा बिचारा शून्य दाखवत असतो.

आपल्या घरात बूट कोण घालतं?

परदेशात हे यंत्र चालतं, कारण तिथं पुष्कळ लोक घरातही पायात काही तरी घालून वावरतात. आपल्याकडं उंबऱ्याच्या आत चप्पल येत नाही. पेशंटची बहुतेक पावलं घरात पडतात, अनवाणी : खाटेवरून मोरीपर्यंत, मोरीतून स्वयंपाकघरापर्यंत. सुखतळा बाहेर बुटात राहतो आणि पाय आत चालतो. मग तो मोजणार काय? बाहेर जातानाही पायात असते ती चप्पल. कोल्हापुरी कितीही देखणी असली तरी टाचेला पट्टा नाही, पाऊल आत सरकतं. मोडीतून उठणाऱ्यासाठी ती नकोच. त्यात बसकं संडास, जिथं गुडघा पूर्ण दुमडून उठावं लागतं. म्हणून असा सुखतळा मिळाला तरी त्यासोबत घरात घालायचा, मागं पट्टा असलेला स्वच्छ, कोरडा सँडल वेगळा ठेवावा लागेल, आणि संडासावर कमोडची खुर्ची.

नमाजचंही तेच. मस्जिदीत आणि मुसल्ल्यावर पाय उघडाच. कियाममध्ये दोन्ही पायांवर सारखं उभं राहिलं की अर्धा भार दुखऱ्या पायावर आलाच, हिशेब वर दिलेला आहे. सजद्यातून उठताना तर क्षणभर गुडघा, घोटा आणि बोटं यांवर मोठा जोर येतो. कायद्यात बसताना घोटा आणि गुडघा इतका दुमडतो की नुकतीच प्लेट बसवलेल्याला ते जमणारच नाही. आमच्या पाहण्यात अनेक बुजुर्ग खुर्चीवर नमाज पढायला कचरतात, रमजानमध्ये तरावीहला उभं राहण्याचा आग्रह धरतात. ज्याला उभं राहता येत नाही त्यानं बसून, बसताही येत नसेल त्यानं पडून इशाऱ्यानं पढावं, ही सवलत दीननंच दिलेली आहे. प्लास्टरवर पाणी न घालता ओल्या हातानं मसह करण्याचीही सोय आहे. बारकावे इमामसाहेबांना विचारावेत, पण त्यांना आधी डॉक्टरांचा आकडा सांगावा. ‘पाय मोडलाय’ यापेक्षा ‘२० किलोच्या वर भार द्यायचा नाही’ हे ऐकून मसला सांगणं त्यांनाही सोपं जाईल.

आता किमतीचं. हे सुखतळे सध्या संशोधनात आणि मोठ्या केंद्रांत वापरले जातात. शिरोळ तालुक्यातल्या सामान्य घरानं ते विकत घ्यावेत असं आम्ही म्हणणार नाही. हातातलं स्मार्टवॉच पावलं मोजतं, भार मोजत नाही, तेव्हा त्यावर विसंबू नये. पण दाब ओळखणारे साधे सेन्सर आणि ब्लूटूथची चिप काही दुर्मीळ राहिलेली नाही, शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी प्रोजेक्टसाठी ती मागवतातच. जयसिंगपुरात डॉ. जे. जे. मगदूम अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, पलीकडं मिरजेला अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट आहेत. घरात, ओल्या फरशीवर, अनवाणी पायालाही चालेल असा पट्टेवाला सँडल म्युनिकमध्ये कोणी बनवणार नाही, कारण तिथं त्याची गरज नाही. तो इथंच बनायला हवा, आणि पेशंटच्या पायात जाण्याआधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली पारखला जायला हवा.

तोवर घरात करता येण्यासारखं बरंच आहे. घरी सोडताना डॉक्टरांना आकड्यात विचारा : किती किलो, किती आठवडे, मग पुढं किती. ‘सोसेल तितका’ असं उत्तर आलं तर ते कार्डावर लिहून घ्या, म्हणजे घरातले कोणी पेशंटला झोपवून ठेवणार नाहीत. मर्यादा दिली असेल तर वजनकाट्याचा सराव दिवसातून दोनदा, आणि उभं राहताना शरीर चांगल्या पायाकडं झुकवायचं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, कठड्याला हात ठेवून. एका वहीत रोज दोन ओळी लिहा : आज किती वेळा उठलो, वॉकरवर किती जोर द्यावा लागला, दुखणं कालपेक्षा कमी की जास्त. यंत्रातला आलेख जे सांगतो त्याचा काही अंश तरी या वहीत उतरतो. सहा आठवड्यांच्या एक्स-रेला जाताना ती बरोबर न्या.

चालणं सुधारत असताना अचानक मोडीच्या जागी दुखू लागलं, पाय वाकडा किंवा आखूड दिसू लागला, टाक्यांतून पाणी आलं, एका पोटरीला सूज येऊन ती तटतटली किंवा एकाएकी धाप लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.